खाऊच्या पेटीतल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुनी खाऊची पेटी आहे. हल्ली माझ्यावर चपला ठेवतात म्हणून मला कमी समजू नका. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात दर बुधवारी बाजार भरतो. त्या बाजारचौकामागच्या सुताराने मला साध्या फळ्यांतून बनवलं, पण सांधे असे बसवले की अजून एकही हललेला नाही.

गावाच्या टेकडीवर तीनशे वर्षांची निवासी शाळा आहे. तिथे घरच्या खाऊसाठी प्रत्येक मुलाची एक पेटी असते. एकामागून एक आठ मुलांनी माझ्यात केक आणि जॅम ठेवला. आठही जण सुरुवातीला माझ्यात तोंड खुपसून रडले. घरापासून दूर एक दिवस सरला की झाकणाच्या आतून एक रेघ मारायचे. मला मात्र कधी काळजी वाटली नाही. पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं.

आठवा मुलगा मोठेपणी शिक्षक झाला आणि मला घेऊन सिंगापूरला आला. तिथल्या क्वीन्सटाउन भागात त्याच्या शेजारी धम्मदीप नावाचे इंजिनिअर राहत. त्यांच्या मुलीला, एकताला, तो माझ्या शाळेच्या, त्या रेघांच्याही गोष्टी सांगे. मायदेशी परतताना त्याने मला त्यांना देऊन टाकलं. तिथे माझा चपलांचा रॅक झाला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

यंदा एकताला त्याच शाळेत प्रवेश मिळाला. पत्र आलं त्या दिवशी चौदा वर्षांची ही पोर घरभर नाचली, आणि होकार कळवायला दोन दिवस उरले तेव्हा जाणार नाही म्हणून हटून बसली. धम्मदीप स्वतः वसतिगृहात वाढलेले. त्यांनी जबरदस्ती केली नाही. त्याच रविवारी घर आवरताना त्यांनी मला टाकायला काढलं आणि आतल्या छत्र्या, जुनी पुस्तकं काढायला एकताला सांगितलं.

तिने झाकण उघडलं आणि रेघा मोजत बसली. एकाच्या अकरा, एकाच्या सोळा. सगळ्यात जास्त एकवीस.

“पपा, व्हाय दे ऑल स्टॉप?” तिने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं.

धम्मदीप वाकून बघत राहिले. म्हणाले, “मोजायचं विसरले असतील गं.”

एकताने त्या एकवीस रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “ओके, आय गो. बट धिस बॉक्स कॅनॉट थ्रो, ला.”

विमानात माझं वजन जमेना, म्हणून मी इथेच राहिले. तिच्या वतीने रेघ मारायचं काम पपांकडे आलं. रोज फोनवर ती आधी रेघेचं विचारी. अठराव्या दिवशी तिने विचारलंच नाही, हॉकीच्या मॅचबद्दलच बोलत राहिली. फोन ठेवून धम्मदीपनी रेघ मात्र मारली.

आज सत्त्याण्णव झाल्या. इतक्या रेघा मी कधी पाहिल्या नव्हत्या. पण आठ जणांना सावरलंय मी, धम्मदीपही सावरतील.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा तिचं झाकण उघडून बघा. आणि दूर शिकायला गेलात, तर घरी रेघा मारत बसलेल्या माणसाला अधूनमधून विचारा, आज किती झाल्या.