अठ्ठ्याऐंशी पट्ट्या

"इथे सही करा, मावशी," असं म्हणून निलेश सरांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतःच्या हाताने काढून दिलं. बत्तीस वर्षांत कुठल्या मुख्याध्यापकाने माझ्यासाठी पेनाचं टोपण काढलं नव्हतं. तेव्हाच मी मनात म्हटलं, हौसा, सांभाळ.

मी कागद वाचायला लागले तसे सर जरा अस्वस्थ झाले. शिपाईबाई वाचून सही करते, हे त्यांच्या हिशेबात नसावं. शाळेचा डिजिटल पियानो शिपाई श्रीमती हौसा गमरे यांनी वारंवार ओल्या फडक्याने पुसल्यामुळे आत पाणी जाऊन निकामी झाला आहे, आणि हा निष्काळजीपणा मला मान्य आहे, असं त्यात होतं. खाली माझ्या नावापुढे रेघ मारलेली. नोव्हेंबरची वीस तारीख. तीसला मी निवृत्त होणार होते.

"मी नाय सही करणार," मी म्हटलं.

सर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते समजावायला लागले. पियानो भंगारात काढायचा तर संस्थेला कारण दाखवावं लागतं, हा नुसता कागदाचा भाग आहे, कोणी तुमच्यावर कारवाई करणार नाही, कोल्हापूरहून आलेल्या इंजिनिअरने तसं लिहूनच दिलंय. शेवटी म्हणाले, "तुम्ही तर दहा दिवसांनी घरी जाणार. तुम्हाला काय फरक पडतो?"

हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. मला फरक पडत नाही? माझ्या सेवापुस्तकात बत्तीस वर्षांत एक लाल रेघ नाही. आईच्या दिवसकार्याला घेतलेल्या चार रजा सोडल्या तर बिनपगारी दिवस नाही. आणि शेवटच्या पानावर निष्काळजी म्हणून लिहून मी घरी जायचं? मी पेनाचं टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

या पियानोची आणि माझी ओळख सांगायला हवी. मांडवीच्या किनाऱ्यापासून आमची शाळा हाकेच्या अंतरावर. संगीताच्या वर्गाच्या खिडक्या समुद्राकडे उघडतात. खारं वारं असं की खिडकीचे गज वर्षाला रंगवावे लागतात. बारा वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांनी हा पियानो दिला, तेव्हा संगीताचे अनिल सर म्हणाले होते, "हौसाबाई, हा आपला पाहुणा. याला इथली हवा बाधणार. आपण दोघांनी याला जगवायचं."

अनिल सर आंजर्ल्याचे. बोलायला कमी, कामाला वाघ. त्यांनी मला सगळं शिकवलं, ते शिकवतायत असं न दाखवता. पियानो बंद पडला म्हणून वर्गात ओरड झाली की ते मला हाक मारायचे आणि विचारायचे, आधी काय बघायचं? आधी सोपं बघायचं. प्लग नीट बसलाय का? बटण दाबलंय का? आवाजच येत नसेल तर हेडफोनची पिन मागे कोणी विसरलंय का? दहातल्या सहा वेळा ती पिनच असायची. पिन आत असली की आवाज हेडफोनमध्ये जातो आणि पियानो मुका वाटतो. सूर भलताच लागत असेल तर पोरांनी सूर चढवायचं-उतरवायचं बटण दाबलेलं असतं, ते शून्यावर आणायचं. पायाचा पेडल उलटा वागत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर चालू करताना कोणाचा तरी पाय त्यावर होता. बंद करायचं, पाय काढायचा, पुन्हा चालू करायचं. या गोष्टींना इंजिनिअर लागत नाही, डोळे लागतात.

आणि दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, आम्ही तो उघडायचो. खालचे स्क्रू काढून सर माझ्या घरून आणलेल्या आप्पेपात्राच्या खळग्यांत ठेवायचे, प्रत्येक ओळीचे वेगळ्या खळग्यात, म्हणजे लांब स्क्रू आखूडच्या जागी जात नाही. पट्ट्यांखाली रबराच्या लांब फिती असतात, त्यांना पोटाशी काळे ठिपके. पट्टी दाबली की ठिपका खाली टेकतो आणि सूर वाजतो. तो ठिपका स्पिरिटने हलक्या हाताने पुसायचा. मग पियानोवर माझ्या जुन्या सुती साडीची खोळ, त्यावर प्लास्टिक, आणि आत मुलांनी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. ओलं फडकं? ओलं फडकं मी फळ्याला लावते, पियानोला कधी लावलेलं नाही.

अनिल सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि वर्षभरात गेलेच. शाळा सोडताना स्क्रू ड्रायव्हरांचा डबा मला देऊन गेले. निलेश सर गेल्या वर्षी दिवाळीनंतर आले. त्यांच्या लेखी मी म्हणजे घंटा आणि चहा.

आता यंदाच्या सरस्वतीपूजनाचं सांगते. आम्ही बौद्ध, मी पूजा करत नाही, पण दुसऱ्याच्या पूजेला कधी नाकही मुरडलेलं नाही. दर वर्षी सतरंज्या मीच घालते, रांगोळीला जागा मीच झाडून देते. अनिल सर पूजेच्या दिवशी पियानोच्या खोळीवरच एक झेंडूचं फूल ठेवायचे, झाला त्याचा मान. यंदा निलेश सर म्हणाले, खोळ काढा, वाद्य झाकून कसली पूजा? खोळ निघाली. मग हळद, कुंकू, मूठभर अक्षता. मग सरांनी पायरीवर नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी घेऊन वाद्यांवर शिंपडायला आले. मी दारात उभी होते. मी म्हटलं, सर, पियानोवर पाणी नको.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सर हसले आणि म्हणाले, मावशी, तुमचं तुम्ही पाळा, आमचं आम्हाला पाळू द्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला इतकी लाज वाटली, जसं काही मीच वावगं बोलले होते. पाणी शिंपडून झालं. संध्याकाळी मी पुसायला गेले तर सर म्हणाले, आज हात लावू नका, मांडलेली पूजा उद्या दसरा झाल्यावर हलवायची. म्हणजे नारळाचं गोड पाणी, कुंकू आणि तांदूळ रात्रभर आणि दुसरा दिवसभर तिथेच. मग सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. शाळा उघडली तेव्हा अकरा पट्ट्या मुक्या आणि चार खाली जाऊन वरच येईनात.

इंजिनिअर आला, वरून बॅटरी मारून बघितलं, दहा मिनिटांत म्हणाला की आत पाणी गेलंय, बोर्ड गेला, नवीन घ्या. त्याने पाणी म्हटलं, कुणी शिंपडलं ते त्याला काय ठाऊक? सरांनी मात्र लगेच विचार केला की पियानो पुसतं कोण. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुसऱ्या दिवशी मी दर्शना मॅडमकडे गेले. या संगीताच्या नव्या मॅडम, चिपळूणच्या, वय असेल अठ्ठावीस. पूजेच्या वेळी त्याही तिथे होत्या आणि त्यांनीही मान खाली घातली होती. मी त्यांना म्हटलं की शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की पियानो उघडणार आहे, सरांच्या समोर, आणि तो उचलायला मला एक माणूस लागेल. त्या घाबरल्या. म्हणाल्या, मावशी, उघडून आणखी बिघडला तर? तर ते माझ्या नावावर, मी म्हटलं. असंही सगळं माझ्याच नावावर आहे.

निलेश सर यायला तयार नव्हते. मी त्यांना एवढंच सांगितलं की तुम्ही आलात तर कागदावर सही करायची की नाही ते तिथेच ठरवते, नाही आलात तर सही कधीच मिळणार नाही. मग आले. खुर्ची घेऊन भिंतीशी बसले, हातात मोबाइल.

वर्गात दोन बाकं थोडं अंतर ठेवून लावली. खाली स्नेहसंमेलनाची पांढरी चादर अंथरली. मॅडमनी आणि मी पियानो उचलून बाकांवर पालथा घातला, दोन्ही टोकं बाकांवर आणि पट्ट्या मधल्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. पूजेला महिना होऊन गेला होता. आतून काहीच पडलं नाही तर मीच खोटी ठरणार, असं एकदा वाटून गेलं. मग मी तळव्याने पियानोच्या पाठीवर हलके थापट्या मारल्या, तान्ह्या पोराची ढेकर काढतो तशा.

पहिल्यांदा धूळ पडली. मग एक तांदूळ पडला, लाल. मग टपटप आणखी. वाळलेली झेंडूची पाकळी. कुंकवाचा चिकटून गोळा झालेला खडा. दोन मेलेल्या मुंग्या. पांढऱ्या चादरीवर ते इतकं स्पष्ट दिसत होतं की बोलायची गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? सरांनी मोबाइल खाली ठेवला.

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी देवाबद्दल बोलत नव्हते. मी पाण्याबद्दल बोलत होते."

दर्शना मॅडम रडायला लागल्या, आणि रडत रडतच म्हणाल्या, "सर, मावशींनी सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं." ते त्यांनी महिनाभरापूर्वी म्हणायला हवं होतं. पण म्हणाल्या, हेही काही थोडं नाही.

मग मी कामाला लागले. आप्पेपात्र बाहेर काढलं, स्क्रू खळग्यांत गेले. पट्ट्या काढल्या, प्रत्येकीच्या पोटावर पेन्सिलीने आकडा घातला. चिकटलेल्या चारींच्या कडेला नारळाच्या पाण्याचा पिवळट थर होता, तो पुसून काढला. रबराच्या फितीखाली एका जागी तांदूळ अडकून बसला होता, ठिपका खाली टेकायलाच देत नव्हता. बाकीचे ठिपके कुंकवाने माखलेले. एकेक स्पिरिटने पुसला. बोर्ड मी नीट बघितला. एका कोपऱ्यात डाग होता, पण सगळं जागच्या जागी होतं. चार तास गेले. सर मधे दोनदा उठले आणि दोनदा परत येऊन बसले. एकदा तर त्यांनी चहा मागवला, तीन कप, आणि माझा कप माझ्याजवळ आणून ठेवला. मी म्हटलं, लांब ठेवा.

उन्हं कलली तेव्हा पियानो परत स्टँडवर चढला. मॅडम म्हणाल्या, वाजवून बघू? मी म्हटलं, नाय, मी बघते. बारा वर्षं या पियानोच्या स्टुलावरची धूळ मी झाडली, त्यावर कधी बसले नव्हते. आज बसले. प्लग बघितला, पिन बघितली, बटण दाबलं. मला गाणं येत नाही. मला तपासता येतं. डाव्या टोकाची पहिली पट्टी दाबली, मग दुसरी, मग तिसरी. एकेक दाबत, एकेक ऐकत, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. घाई केली नाही. मुक्या होत्या त्या अकराही बोलल्या, चिकटलेल्या चारही वर आल्या. शेवटचा बारीक सूर वाजून संपेपर्यंत सर उभे होते. ते कधी उभे राहिले, मला कळलं नाही. मला त्या वेळी अनिल सरांची फार आठवण आली.

सरांनी खिशातून तो कागद काढला आणि म्हणाले, जाऊ द्या मावशी, फाडून टाकतो. मी त्यांचा हात धरला. मुख्याध्यापकाचा हात धरायची माझी ही पहिली वेळ.

"फाडू नका. त्याच्या खाली लिहा काय निघालं ते. आणि कोणी दुरुस्त केला ते. मग सही करा. तुमची."

सर मुलांच्या बाकावर वाकून बसले आणि लिहिलं. अक्षर चांगलं आहे त्यांचं. चादरीवरचे तांदूळ मी पुडीत बांधले आणि त्या कागदाला टाचणीने लावून फायलीत ठेवले. सोमवारी क्लार्कने विचारलं की हे काय, तर म्हटलं, पुरावा.

तीस तारखेला माझा निरोप समारंभ झाला. तिकडे सभागृहात न करता संगीताच्या वर्गात करा, एवढं मी मागितलं होतं. मुलं दाटीवाटीने बसली. दर्शना मॅडमनी पियानो वाजवला, एकही सूर अडला नाही. मग निलेश सर शाल आणि श्रीफळाचं ताट घेऊन पुढे आले. शाल पांघरायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. शेजारी पियानोच होता, सपाट, ताट ठेवायला अगदी सोयीचा. सरांचा हात तिकडे गेला आणि थांबला. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. टेबल नव्हतं, सगळ्या खुर्च्या भरलेल्या.

मी हात पुढे केला नाही. नुसती उभी राहिले.

मग सगळ्या शाळेसमोर सर खाली वाकले, नारळाचं ताट माझ्या पायांजवळ जमिनीवर नीट ठेवलं, आणि उठून शाल उघडली.