सभागृहात राधिकाचं नाव

डॉ. ज्योत्स्ना अवचार आमदार झाल्या, तरी वाशीमकडे लोक त्यांना अजून डॉक्टरीणबाईच म्हणत. अर्धं आयुष्य त्यांनी बाळंतपणं केली होती.

सप्टेंबरात त्या धामणदरीच्या ग्रामीण रुग्णालयाची पाहणी करायला गेल्या. आत राधिका नावाची बाई नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, पण रक्तस्राव थांबत नव्हता. ज्योत्स्नाबाईंनी पदर खोचला, हातमोजे चढवले आणि गर्भाशय दाबून धरलं. होती नव्हती ती इंजेक्शनं दिली. आता रक्त चढवायला हवं होतं, आणि ते वाशीमलाच मिळणार होतं. रुग्णवाहिकेत त्या तशाच, हात न काढता बसल्या. वाटेतलं अनसिंग गाव मागे पडलं आणि राधिका गेली. तिची सासू पंचफुलाबाई गाडीत समोरच होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

नागपूरच्या अधिवेशनात ज्योत्स्नाबाईंची लक्षवेधी सूचना लागली, तेव्हा त्या आधी धामणदरीला गेल्या. पंचफुलाबाई मळ्यात वांगी तोडत होत्या.

"मावशी, सभागृहात राधिकाबद्दल बोलणार आहे. तिचं नाव घेऊ का?"

"घ्या ना बाई. पन लोक म्हनून राह्यले का आमी तिले उशिरा नेलं. कळा सुरू झाल्याबरोबर नेलं होतं आमी तिले. थे तेवढं सांगा."

सभागृहात आरोग्यमंत्र्यांनी उत्तर वाचलं: नातेवाइकांनी रुग्णास विलंबाने दाखल केल्यामुळे मृत्यू ओढवला.

ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही."

मागच्या बाकावरून त्यांच्याच पक्षाचे प्रतोद उदयसिंग दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, सरकार आपलं आहे. बसा."

त्या बसल्या नाहीत.

मंत्री म्हणाले, "सन्माननीय सदस्या स्वतः तिथं हजर होत्या, अशी माझी माहिती आहे. इतक्या अनुभवी डॉक्टरांच्या हातून रुग्ण वाचला नाही, तर रुग्णालयाला दोष कसा देता?"

गलका झाला. ज्योत्स्नाबाईंनी समोरचा माईक घट्ट धरला. गलका ओसरू दिला.

"हे मी स्वतःला रोज विचारते," त्या म्हणाल्या. "हातानं रक्त थोडा वेळ थोपवता येतं. अंगात भरता येत नाही. त्याला रक्ताची पिशवी लागते, आणि पिशवी ठेवायला तिथं फ्रीजसुद्धा नाही. राधिका कळा सुरू होताच आली होती. घरच्यांनी उशीर केला, हे वाक्य सभागृहाच्या कामकाजात राहिलं, तर त्या बाईच्या मुलीला मोठी झाल्यावर तेच वाचावं लागेल. ते काढून टाका. मला काय म्हणायचं ते म्हणा."

अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री थोडा वेळ कागद चाळत राहिले, मग म्हणाले, "ते वाक्य मागे घेतो. रक्तसाठवण केंद्रही मंजूर करतो."

त्या अधिवेशनात पक्षाकडून ज्योत्स्नाबाईंना पुन्हा बोलायला वेळ मिळाला नाही.

अधिवेशन संपल्यावर त्या पंचफुलाबाईंना भेटायला गेल्या. नात त्यांच्या मांडीवर झोपली होती. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "तुमाले तं काही बोलले नाही ना?"

"बोलले. मी डॉक्टर असून वाचवलं नाही, म्हणाले."

सभागृहात न आलेलं पाणी आता ज्योत्स्नाबाईंच्या डोळ्यांत आलं. पंचफुलाबाईंनी नात उचलली आणि ज्योत्स्नाबाईंच्या ओटीत ठेवली.

"मी होती ना गाडीत," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं तुमाले. कोनी इचारलं तं मी सांगीन."

उन्हाळ्यात धामणदरीला फ्रीज आला. तो सांभाळायला तंत्रज्ञ मात्र आला नाही. ज्योत्स्नाबाईंनी पावसाळी अधिवेशनासाठी तंत्रज्ञाच्या नेमणुकीची सूचना दिली आहे. उदयसिंगांचा दोनदा फोन येऊन गेला, पण सूचना त्यांनी मागे घेतलेली नाही.