वेजीनं पोरं मोजली

"माझं कोकरू ज्यानं उचललं, त्याच्या चुलीत मोमाई देवी माती घालील!"

वेजीचा आवाज मावजी पटेलाच्या वाडीच्या ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला. दिवस कलला होता. भटक्या रबाऱ्यांची मेंढरं रानातनं चरून येऊन पटेलाच्या मोकळ्या वावरात बसली होती. आया हुंगून हुंगून आपापली कोकरं पाजत होत्या, आन् एक मेंढी तेवढी ओरडत हिकडनं तिकडं फिरत होती. तिचं कोकरू, आत्ता कुठं चार दिसांचं, कपाळावर काळा टिक्का असलेलं, कुठं म्हणता कुठं नव्हतं.

वेजीचं तोंड अख्ख्या तांड्याला ठाऊक. नवरा करमण गरीब गाय. तो बोलायचा वाटा पण बायकोलाच देऊन बसला होता. त्यानं हळूच म्हटलं, "गेलं तर गेलं. कोल्ह्यानं नेलं आसंल."

"व्हय, गेलं तर गेलं! एक दिस पोरंबी जातील आन् तू आसाच बिडी वडत म्हनशील, गेलं तर गेलं!"

तेवढ्यात खुद्द मावजी पटेल बांधावर आला. उंच, तुटक माणूस. "कुनाला बोलतीस गं, रबारण?"

"ज्याला लागतंय त्याला. सकाळधरनं तुझा गडी आमच्या कोकरांत घिरट्या घालत हुता. आन् आता तुझ्या घरावर धूर दिसतोय. काय शिजतंय रं, पटेल?"

चुलीपाशी बसलेल्या बायका जागच्या जागी थिजल्या. पटेलाचं घर देवाचं. कांद्याची साल कधी त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली नाही, आन् ही बया त्या घरावर कोकरू शिजवल्याचा आळ घालत होती. पटेलाच्या तोंडावरचा रंगच उडाला. गडीमाणसं बघत होती, दारात म्हातारी आई उभी होती.

"तीन रात्री मेंढरं बसवून घेतली, बाजरी दिली, हिरीचं पानी दिलं," तो दात खाऊन म्हणाला, "त्याची ही परतफेड? उजाडायच्या आत वावर मोकळं करा. आन् पुन्ना ह्या वाडीला तोंड दाखवायचं न्हाई."

"कोन दाखवतंय! थुकते मी तुझ्या वाडीवर!"

वेजी खरंच थुंकली. मग फणफणत चुलीपाशी आली. तिथं चार वर्षांचा पुनो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. डोळे हे एवढाले मोठे.

"तू बघितलंस का रं कोकरू? खोटं बोललास तर तंगडी मोडून हातात दीन."

पुन्यानं मान हलवली. न्हाई. मग न सांगताच उठला आन् जाऊन गोधडीत शिरला. एरवी ह्या पोराला झोपवायचं म्हणजे चार शिव्या आन् दोन धपाटे लागायचे. पण वेजीचं डोकं ठिकाणावर कुठं होतं?

पहाटे तांडा हलला. माघाची थंडी अशी, की बोटांना गाठी सुटत नव्हत्या. पुरुष मेंढरं घेऊन लांबच्या, चाऱ्याच्या वाटेनं निघाले. वेजीची देवो आन् वंको ही दोन पोरं बापाबरोबर गेली. बायकांनी उंट लादले. उंटाच्या पाठीवर खाट उलटी बांधायची, पाय वर. त्या चार पायांच्या मधी गोधड्या, भांडी, चालता न येणारी पोरं आन् नवी कोकरं, सगळं एकात एक कोंबायचं. पोर रडलं काय, कोकरू ओरडलं काय, वाट संपेपर्यंत कोण बघत नाही.

"लाछे, पुन्याला टाकला का वर?"

"टाकला गं, मा. झोपलाय." थोरली लाछी उंटाची गाठ आवळत म्हणाली. गुंडाळलेली गोधडी तिनंच उचलून खाटेत ठेवली होती, अंधारात, जांभया देत.

वेजीनं टाचा उंचावून गोधडीवर हात ठेवला. गरम लागली. आत काहीतरी हललं. "झोप मेल्या," म्हणत तिनं वरनं पदर खोचल्यागत कांबळं खोचलं. राजी आन् हीरू उंटामागं चालत होत्या, धाकटी छातीशी बांधलेली. झालं, निघाली.

मोजलं नाही. रबारी माणूस मेंढरं मोजत नाही आन् पोरं तर नाहीच नाही. मोजलं की घटतं. वेजीची आई तिला हेच सांगून गेली होती, आन् तिच्या आईला तिची आई. हात फिरवायचा, नाव घ्यायचं, पुढं चालायचं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा तांडा एका तळ्याकाठी थांबला. उंट बसले. वेजीनं खाटेतली गोधडी खाली घेतली. "उठ रं ए कुंभकर्णा, रोटला खा," म्हणत तिनं ती उलगडली.

आतनं कोकरू निघालं. कपाळावर काळा टिक्का.

ते लटपटत उभं राहिलं आन् तिच्याकडं बघून म्यां करून ओरडलं. वेजीनं गोधडी झाडली. पुन्हा झाडली. उलटी करून झाडली. मग दुसऱ्या गोधड्या, कांबळी, पिठाचं कातडी पोतं सगळं उपसलं. भांडी घरंगळत तळ्याकडं गेली.

"लाछे! पुनो कुटं हाय?"

लाछीचं तोंड पांढरं पडलं. "मला वाटलं... गरम हुतं गं, मा. जड हुतं."

वेजीनं तिच्या कानाखाली एक वाजवली. आन् लगेच तिच्या ध्यानात आलं, की गरम आपल्यालाही लागलं होतं.

तांड्यातली सगळ्यांत जुनी बाई म्हणजे डाहीमा. ती काठी टेकत आली, कोकराकडं बघितलं, गोधडीकडं बघितलं आन् तिला सगळं उमगलं. "काखेत कळसा आन् गावाला वळसा! पोराच्या गोधडीत कोकरू, आन् तू पटेलाची चूल हुंगत बसलीस!"

"डाहीमा, माझं पोर..."

"बापासंग गेलं आसंल मेंढरामागं. सांच्याला मानसं येतील तवा कळंल."

"आन् न्हाई आलं तर? सांजंपत्तूर त्या उघड्या रानात? थितं ती बिनकठड्याची हीर हाय, डाहीमा!"

डाहीमा काठी टाकून खाली बसली आन् तिनं धाकटीसाठी हात पुढं केले.

वेजीनं धाकटीला सोडून तिच्या मांडीवर दिलं. दोन पावलं गेली आन् थांबली. मागं वळून म्हणाली, "लाछे, तुझं पाय हलकं हायती. तू जातीस का पळत?"

गालावर वळ उठलेली लाछी सरळ आईच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "तोंड तू सोडलंस काल. मी जाऊन काय सांगू त्येला?"

पोरगी खोटं काय बोलली? वेजीला कुठल्या रानाची भीती नव्हती, कुठल्या कोल्ह्याची नव्हती. तिला त्या दाराची भीती होती. जिथं थुंकून आली तिथंच ओंजळ पसरायची. तोंड करी बाता आन् ढुंगण खाई लाता, ते हेच. ती वळली आन् पळत सुटली.

अर्ध्या वाटेवर तिला कळलं, की कोकरू आपल्या काखेतच आहे. ते तिची बोटं चोखत होतं. उपाशी होतं बिचारं. तिचीही छाती दुधानं ठणकत होती. एरंडाच्या शेतामागून शेतं गेली, कोरड्या नदीतल्या वाळूत पाय रुतले, काटे मोडले. ती बोलत होती, कुणाशी ते तिलाच ठाऊक. "मोमाई, कोकरू घे. मेंढी घे. सगळी मेंढरं घे. पोर नेऊ नगं." मधूनच करमणाला शिव्या देत होती, मधूनच स्वतःला. 'पोरंबी जातील' हे काल आपणच बोललो होतो. कुठल्या घटकेला बोललो, बाई!

पटेलाचं वावर दिसलं. वावर नांगरून होत आलं होतं. जिथं चुली होत्या, जिथं पोरं झोपली होती, तिथं काळी ओली ढेकळं उलथून पडली होती. नांगरामागचा गडी तोच, काल तिनं ज्याला चोर म्हटलं होतं.

"भाई, हितं एक पोर... चार वर्साचं..."

गड्यानं बैल थांबवले नाहीत. तिच्या काखेतल्या कोकराकडं बघितलं, कपाळावरचा टिक्का बघितला, आन् बैलांच्या शेपट्या पिरगाळून पुढं गेला.

ती विहिरीकडं धावली. काठावर पालथी पडून आत बघितलं. खोल हिरवं पाणी, त्यात एक पारव्याचं पीस. "पुन्या!" तिनं हाक मारली. विहिरीनं ती हाक तशीच परत दिली. पाण्यावर काही तरंगत नव्हतं, पण पाणी काही सगळं दाखवत नाही. वेजी उठली आन् वाडीतल्या घराकडं निघाली.

मावजी पटेल अंगणात खाटेवर बसला होता, जसा काही तिचीच वाट बघत. तिला येताना बघूनही उठला नाही.

"हितं तोंड दाखवनार न्हवतीस न्हवं?"

"माझं पोर मागं ऱ्हायलं, पटेल."

"आसं? किती पोरं हायती तुला?"

वेजीच्या तोंडून नेहमीचं गेलं, "मोमाईनं दिलीत तेवढी."

"म्हंजे किती?"

खरं सांगायचं तर तिला चटकन आकडा सांगताच आला नसता.

"काखेतलं काय हाय ते?"

तिनं मान खाली घातली. "कोकरू."

"कुटं गावलं? माझ्या चुलीत?"

"माझ्या पोराच्या गोधडीत." ती पुटपुटली.

"काल ह्या बांधापासनं त्या बांधापत्तूर आयकू आलं हुतं. आज मला कानात बोटं घातल्यागत आयकू येतंय." पटेल उठून उभा राहिला. वावरातले गडी बैल सोडून जवळ आले होते. "काल जेवढ्यानं बोललीस तेवढ्यानं बोल."

वेजीनं डोळे मिटले. मग तोंड वर केलं आन् असं ओरडली की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहिली. "आयका सगळी! कोकरू माझ्याच घरात हुतं! पटेलाचं घर सच्चं हाय, पटेलाचा गडी सच्चा हाय! खोटी हाय ती ही वेजी! झालं? आता माझं पोर दे! दे माझं पोर, न्हाईतर मी ह्याच हिरीत उडी टाकते!"

"बस झालं रं, मावजी!" दारातनं त्याच्या म्हाताऱ्या आईचा, कंकुमाचा आवाज आला. "आई हाय ती. लाज वाटू दे."

कंकुमाच्या लुगड्यामागनं दोन मोठाले डोळे दिसत होते. ओठावर ताकाची मिशी. वेजीच्या हातातनं कोकरू गळलं. तिनं हात पसरले.

पुनो आला नाही. उलट म्हातारीच्या लुगड्यात आणखी शिरला.

"कडब्याच्या गंजीत गावलं सकाळी," कंकुमा म्हणाली. "नाव सांगंना, गाव सांगंना. रोटला खाल्ला, ताक प्यालं, आन् एकच सांगतंय, मा तंगडी मोडंल. मी मावजीला म्हनलं, गडी धाड तांड्यामागं. ह्यो म्हनाला, तिला येऊ दे चालत."

वेजी मटकन खाली बसली. विहिरीपाशी आलं नव्हतं ते रडू आत्ता आलं. घरच्या चोराला सोडून परक्याच्या दारात बोंब मारली, आन् ज्या दारात बोंब मारली तिथं आपलं पोर आपल्यालाच भिऊन लपलं होतं. ह्यापरीस पटेलानं चार जोडे मारले असते तर बरं झालं असतं.

"पुन्या," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "का रं लपवलंस त्येला?"

लुगड्यामागनं उत्तर आलं. "त्येला थंडी वाजत हुती. मग तू वरडाय लागलीस. गोधडी उघडलीस तर दिसंल म्हनून मी गंजीत लपलो."

"न्हाई मोडत तंगडी. ये."

"शपत?"

"मोमाईची शपत."

तेव्हा कुठं तो आला, तोही आधी कोकरापाशी गेला. कंकुमानं वाटीत कोमट दूध आणलं, कापसाची वात भिजवून कोकराच्या तोंडात धरली. काल ज्या घरानं कोकरू खाल्लं म्हणून गवगवा झाला, त्याच घरातलं दूध ते कोकरू चुरुचुरू पीत होतं. गडी तोंडावर पंचा धरून हसत होता. वेजीला त्याच्याकडं बघवलं नाही, पण तिनं हात जोडले.

"मावजी, गाडी जुप," कंकुमा म्हणाली. "ही बाई चालत कवा पोचायची?"

पटेलानं गाडी जुंपली. तळ्यापाशी ती उतरताना तो पुढं बघतच म्हणाला, "पुढल्या साली मेंढरं बसवायची आसतील तर वावर हाय." त्यानं कासरा ओढला. "पोरं मोजून आना."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उंट लादले. लाछीनं गुंडाळलेली गोधडी आणली. वेजीनं वरनं हात ठेवला. गरम लागली. आत काहीतरी हललं.

"खाली ठेव," ती म्हणाली.

तिनं गोधडी उघडली. पहिलं दिसलं ते टिक्क्याचं कपाळ, आन् तिनं घाईनं गोधडी आणखी उलगडली. मग कोकराच्या मानेवरचा इवलासा हात दिसला, आन् त्यामागं पुन्याचं डोकं. तो जागा होता. श्वास धरून आईच्या तोंडाकडं बघत होता.

वेजीनं कांबळं दोघांच्याही गळ्यापर्यंत ओढलं.

मग ती तांड्याच्या मधोमध उभी राहिली. जायला निघालेल्या करमणाला आन् मेंढरांमागच्या पोरांना तिनं हाकारून परत बोलावलं, आन् बोट नाचवत, काल पटेलाच्या अंगणात लावला होता त्याच आवाजात सुरू झाली, "लाछी एक! देवो दोन! वंको तीन!"

"अगं बये, मोजू नगं! दिष्ट लागंल!" डाहीमा काठी आपटत आली.

"लागू दे. राजी चार, हीरू पाच. धाकटी सा. पुनो..." गोधडीतनं एक हात वर आला. "सात."

त्याच्या शेजारून कोकरू ओरडलं.

"आन् ह्यो मेला आठ," वेजी म्हणाली, आन् तिनं गोधडी उचलून उंटावर ठेवली.