फ्रीजवाल्याच्या विमानावरचा बर्फ

मी बर्फ बोलतोय. सरबतातला नव्हे, तो माझा लाडावलेला चुलतभाऊ. मी विमानाच्या पंखावर जन्मलो आणि माझ्यापायी दोन माणसं मरता मरता वाचली.

जन्माआधी मी ढगात एक थेंब होतो. थंडी शून्याच्या खाली, तरी मी पाणीच. गोठायला कशाचा तरी आधार लागतो आणि ढगात कसला आलाय आधार? नुसतं ताटकळायचं. तेवढ्यात एक छोटं विमान थेट आमच्यात घुसलं. मी त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेवर आपटलो आणि तिथेच थिजलो. पाठोपाठ माझी सगळी भावकी येऊन चिकटली.

विमान चालवणारा धंद्यानं फ्रीज दुरुस्त करणारा. शेजारी बायको. दोघं मेहुणीकडे निघाले होते.

"अहो, पंख पांढरा दिसतोय," बायको म्हणाली.

"अगं, बर्फाचं मला नको सांगूस. उभा जन्म त्यातच गेला. पातळ थर खरवडायचा नसतो. जाड होऊ द्यायचा, मग अख्खी लादी सुटते."

मी तर हरखूनच गेलो. जन्मल्या जन्मल्या इतका समजूतदार यजमान! मी मनापासून जाड होऊ लागलो. मला वाटलं, पंखाला दुलई पांघरतोय. प्रत्यक्षात मी त्याचा आकारच बिघडवत होतो. हवा त्याला नीट उचलेना. वजन वाढलं, वेग घटला, विमान थरथरू लागलं. त्या पंखावर मला हटवायची काहीच सोय नव्हती, हे त्या शहाण्याला माहीत होतं. तरी तो लादी सुटायची वाट बघत बसला!

लादी सुटेना. "मशीन बंद करून बघतो," तो म्हणाला. "जरा वेळात सगळं गळून पडतं." आणि खरोखरच त्याचा हात इंजिनाच्या चावीकडे गेला.

बायकोनं त्या हातावर फाडकन चापट मारली. "हे दुकान नाहीये! इथं मशीन बंद केलं तर आपणच गळून पडू! मागे फिरा आणि खाली घ्या. मागे सपाट रान आहे, ऊन आहे. निघताना मला स्वेटर काढावा लागला होता."

तो भानावर आला. वेग सांभाळत, हळूहळू वळून ढगाखाली उतरला. उबदार हवा लागली आणि माझी भावकी तुकड्यातुकड्यांनी निसटून गेली. मला फार वाईट वाटलं. विमान टेकलं तेव्हा पंखाच्या सांध्यात मी एकटाच उरलो होतो. बायकोनं मला चमच्यानं उचकटून थर्मासमध्ये टाकलं आणि घरी नेलं.

आता मी त्यांच्या फ्रीजरमध्ये एका डब्यात राहतो, मटारच्या पिशवीशेजारी. लोकहो, एकच विनंती. मी दुष्ट नाही, पण एकदा चिकटलो की मला सुटता येत नाही. पंखावर माझी बारीकशी रेघ दिसली तरी मागे फिरा, नाहीतर उबदार हवेत उतरा. मी जाड होण्याची वाट बघू नका.

काल पुन्हा आभाळ भरून आलं होतं. "थोडासाच तर ढग आहे," विमानाची चावी शोधत तो म्हणाला.

बायकोनं माझा डबा काढला, टेबलावर त्याच्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. "याच्या तोंडावर सांगा, जातो म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या कडांना पाणी सुटू लागलं. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

मग त्यानंच झाकण लावलं, मला परत आत ठेवलं आणि विचारलं, "बस किती वाजता आहे गं?"