फ्रिज बंद करून वाजवलेली गिटार

आठवड्यात दुसऱ्यांदा दूध नासलं, तेव्हा मनोरमाबाईंनी पातेलं तसंच उचललं आणि बाहेरच्या खोलीत अनिशच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"घे, वास घे. फ्रिज काय बंद ठेवायला घेतलाय?"

अनिशने गिटारवर झुकलेली मान वर केली नाही. सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, कुरिअरच्या ऑफिसात नोकरी करणारा हा मुलगा सुट्टीच्या दिवशी वाजवायला बसला की आधी पंखा बंद करायचा, मग ट्यूबलाइट, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून फ्रिज. तो परत चालू करायचं मात्र ह्याच्या लक्षात राहायचं नाही.

"आई, फ्रिज चालू असला की स्पीकर घूं करतो. रविवारी दाजी ऐकायला येतायत. गेल्या वेळी इथे ह्याच घूंपायी ते नाही म्हणून गेले."

हे मनोरमाबाईंना ठाऊक होतं. दाजींच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला दुबईला गेला होता, गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आले होते, आणि त्या खुर्चीवर अनिश सहा वर्षं डोळा ठेवून होता. म्हणून तर पहिल्या वेळचं दूध त्यांनी निमूट ओतून दिलं होतं.

"मग तुझ्या त्या नव्या डब्याला सांग ना. नुसता लाल आकडे दाखवायला आणलाय का?"

बोलल्या त्या रागाने, पण अनिश थबकला. गिटारला जोडलेल्या, पायाने दाबायच्या त्या डिजिटल डब्याचं पुस्तक त्याने निम्मंच वाचलं होतं. तासाभराने तो खुशीत स्वयंपाकघरात आला.

"आई, ह्याच्यात नॉइज गेट आहे. आपण एक पातळी ठरवून द्यायची. आवाज तिच्या खाली गेला की डबा दार लावून घेतो. वाजवलं की उघडतो."

"म्हणजे वॉचमन."

"हां, वॉचमनच."

त्याने आकडा चढवला. पंखा फिरत होता, फ्रिज चालू होता आणि स्पीकर गप्प. मनोरमाबाईंनी नवं दूध तापवून, निववून फ्रिजमध्ये ठेवलं आणि विषय संपला असं धरलं.

शनिवारी सकाळी त्या सुकट निवडत होत्या. बाहेर अनिश एक संथ चाल घोळवत होता. निवडता निवडता त्यांचा हात थांबला. प्रत्येक ओळीचा शेवटचा सूर कुणीतरी दातांनी तोडावा तसा तुटत होता. त्यांची शाळा चौथीत सुटली होती, पण रत्नागिरीकडच्या त्यांच्या गावी वडिलांचं भजन असायचं. लहानपणी टाळ धरलेला. ठोका मारल्यावर त्याचा नाद कसा लांबत, बारीक होत जातो, ते त्यांच्या हातातच मुरलं होतं.

"अनिश, शेवटचा सूर कुठे जातो रे?"

"कुठे जातोय? वाजतोय की."

"अर्धाच वाजतोय. तुझा वॉचमन घरच्या माणसाच्याही तोंडावर दार आपटतोय."

"आई, तुला ह्यातलं काय कळतं?"

मनोरमाबाईंनी पुन्हा सुकटीत हात घातला.

गॅसपाशी उभी असलेली संजना, अनिशची बायको, म्हणाली, "मला वाटतं, ती पिन..."

"थांब गं जरा," अनिश म्हणाला.

"भाजीकडे बघ, लागेल," मनोरमाबाई म्हणाल्या.

संजना भाजीकडे वळली. तिचा आवाजच असा, की ह्या घरात तिचं वाक्य शेवटाला पोचायचंच नाही. मनोरमाबाईंना ते कळत होतं आणि सोयीचंही होतं.

अनिशने आकडा उतरवला, घूं परत आली. चढवला, सूर तुटला. दुपारभर तेच. शेवटी त्याने गिटार भिंतीला टेकवली आणि शांतपणे म्हणाला, "दाजींना फोन करून सांगतो, येऊ नका."

त्याचा तो शांत आवाज मनोरमाबाईंना घूंपेक्षा जड गेला. त्यांनी सुनेकडे मान वळवली.

"संजना, सकाळी तू काय म्हणत होतीस? पिनेचं."

आपल्याला मध्येच कोण तोडतंय ह्याची संजनाने क्षणभर वाट पाहिली. कुणीच तोडलं नाही.

"ह्यांचा हात तारांवर असला की घूं कमी होते, काढला की वाढते. म्हणजे अर्थिंग मिळत नाहीये. आमच्याकडे अशी इस्त्री आली तर आम्ही पास करत नाही."

हाटकेशच्या कारखान्यांमधल्या एका गाळ्यात संजना चार वर्षं इस्त्र्या जोडत होती. तिने खाटेखालून एक्स्टेंशन बोर्ड ओढला आणि त्याचा प्लग पुढे धरला. तिसरी, अर्थिंगची जाड पिन मुळापासून मोडलेली.

"ही कुणी मोडली?"

"बाहेरच्या खोलीत दोन भोकांचंच सॉकेट आहे," अनिश पुटपुटला. "बसत नव्हता."

संजनाने दुकानातून नवा प्लग आणून बसवला आणि वायर उंबऱ्यावरून आत ओढून मिक्सरच्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये लावली. घूं खाली बसली. राहिली फक्त बारीकशी सरसर. "आता आकडा उतरवा," ती म्हणाली. अनिशने साठचा वीस केला आणि वाजवलं. शेवटचा सूर बारीक होत होत पार विरला, आणि मगच दार लागलं.

रविवारी दुपारी मोरव्याहून रिक्षाने दाजी आले. बिनसाखरेचा चहा सांगून डोळे मिटून बसले. अनिश वाजवत असताना मध्येच फ्रिज आपणहून सुरू झाला. स्पीकरमध्ये त्याचा मागमूस नव्हता. चाल संपली तरी दाजींचं बोट वरच होतं. सूर विरल्यावर ते खाली आलं.

"गुरुवारी प्रॅक्टिसला ये. डबा घेऊनच ये. एवढं स्वच्छ कुणी लावून दिलं रे?"

"मीच थोडं..."

चहाचा ट्रे घेऊन वायर ओलांडत मनोरमाबाई बाहेर आल्या.

"पिन तू मोडलीस, जोडली संजनाने. दाजींना नीट सांग. वाजवतोस चांगलं, पण ऐकत कुणाचंच नाहीस. आजपासून ती बोलायला लागली की तिचं वाक्य संपेपर्यंत तू गप्प बसायचं. मीही बसेन. आणि पुन्हा त्या फ्रिजच्या बटणाला हात लावलास, तर गिटार माळ्यावर जाईल. दाजी, चहा घ्या."