वारा डावीकडून

खळ्ळकन काच फुटली आणि भिंगरीनं सोफ्यावरून थेट जमिनीवर उडी मारली.

"गेली! शेवटची पण गेली! आजोबा, सगळ्या खिडक्या फोडल्यात तुम्ही!"

घराच्या खिडक्या शाबूत होत्या. फुटल्या होत्या त्या टीव्हीतल्या एका उंच इमारतीच्या. गोल्फच्या त्या व्हिडिओ गेममध्ये स्किल चॅलेंज नावाचा एक भाग होता. कधी सांगितलेल्या खिडकीतून चेंडू मारायचा, कधी तळ्यात तरंगणाऱ्या तराफ्यावर तो अलगद उतरवायचा, तर कधी वाळूच्या खड्ड्यातून एका फटक्यात बाहेर काढायचा. जमलं की पडद्यावर सोनेरी कप गरगर फिरत येई आणि बँड वाजे. आत्ता तो इतक्या जोरात वाजत होता की कपाटातल्या बश्या त्याला साथ देत होत्या.

"बाबा, आवाज जरा कमी करू का?" सुनेनं कानांवर हात ठेवत विचारलं.

"हात तर लावून बघ!" सासरे म्हणाले. त्यांनी टेबलावरून हात फिरवत पाण्याचा पेला शोधला आणि एका दमात संपवला. त्यांचं नाक टीव्हीला टेकायचंच काय ते बाकी होतं. सुट्टीभर त्यांचं हे असंच चाललं होतं. आवाज सगळ्यांत मोठा आणि बैठक टीव्हीच्या पुढ्यात. घरात सर्वानुमते निदान झालं होतं की म्हाताऱ्याचे कान गेले.

सासरे शाळेच्या मुलांची व्हॅन चालवत. मुलं त्यांना पायलट म्हणत. मग गल्ली म्हणू लागली, आणि आता घरातही भांडण नसलं की तेच नाव चाले.

भांडण मात्र याच व्हॅनवरून होतं. सुट्टी लागायच्या जरा आधी ती शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासली. पायलटांच्या मते चूक खांबाची होती. त्यांच्या मुलाला ते पटलं नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याचं सगळं आयुष्य लोखंडी दोरांवर लटकलेलं.

"बाबा, दोर तुटल्यावर बदलत नसतात. तुटायच्या आधी बदलतात. आता पुरे करा."

"मी दोर नाही, तुझा बाप आहे," पायलट म्हणाले होते. आणि रागाच्या भरात त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं होतं. "हा तुझा खेळ आहे ना? यातले सगळे कप मी सुट्टी संपायच्या आत जिंकून दाखवतो. एक जरी राहिला, तर व्हॅनची किल्ली तुझी. सगळे जिंकले, तर किल्ली माझी, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

मुलाला स्वतःला त्यातले निम्मे कपसुद्धा जमले नव्हते. तो हसून हो म्हणाला. बापाशी पैज लावताना माणसानं इतक्या लवकर हसू नये. कारण पायलट हट्टाला पेटले की पेटले. पहिले काही दिवस त्यांचे चेंडू तळ्यात, झाडांत आणि एकदा तर प्रेक्षकांत गेले. मग हळूहळू कप येऊ लागले. मुलाचं हसू कमी होत गेलं आणि जेवताना तो नुसताच भाजीत चमचा फिरवू लागला.

सून पहिल्यापासून सासऱ्यांच्या बाजूची. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज मुळातच खणखणीत. गाडी चालवायला तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं. तिच्या स्वतःच्या वडिलांनी तिच्या शेजारी बसून डोळे गच्च मिटले होते. पायलट मात्र खिडकीला कोपर टेकून शीळ घालत बसले होते. ते ती विसरली नव्हती. रोज सकाळी व्हॅनची किल्ली बोटात फिरवत घराबाहेर पडणारा हा माणूस दिवसभर घरात बसला तर त्याचं काय होईल, हे तिला बघायचं नव्हतं. म्हणून खेळताना ती त्यांच्या मागे उभी राहून पडद्याच्या कोपऱ्यातला बाण वाचून सांगायची. "वारा डावीकडून, बाबा." "वारा समोरून, जोराचा आहे." ते मान हलवायचे. मग फटका होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, हा पायलटांचा नियम. सुनेला तो फार जड जाई.

आता एकच कप उरला होता. शाळा उद्या उघडणार होती.

"शेवटचं आहे," मुलगा पुढे सरकून म्हणाला. "आता हिची मदत नको. वारा-बिरा कुणी काही सांगायचं नाही. तुम्ही एकटे."

"अरे, हे काय मध्येच?" सून उसळली.

"असू दे," पायलट म्हणाले. "मंजूर. भिंगरे, तूसुद्धा तोंडाला कुलूप लाव. आणि आवाज अजून थोडा वाढव."

"अजून?" मुलानं कपाळावर हात मारला.

भिंगरीनं बटणं दाबून चॅलेंज सुरू केलं. पाच चेंडू, त्यातले तीन झेंड्याभोवतीच्या गोलात पडायला हवेत. गेममधल्या कॅडीनं, म्हणजे बॅगा वाहणाऱ्या पोऱ्यानं, आपल्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात अंतर सांगितलं. पायलटांनी कंट्रोलर स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांत धरला.

पहिला चेंडू गोलाच्या बाहेर पडला. मुलानं हाताची घडी घातली.

दुसरा गोलात. सुनेनं हवेतच मूठ आवळली.

आणि तेवढ्यात टेकडीमागून धुकं आलं. आधी झाडं गेली, मग तळं गेलं, मग झेंडा. भिंगरीनं आ वासला. आईनं चपळाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. मुलानं बायकोकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. हे चॅलेंज त्याला का जमलं नव्हतं, ते आता सगळ्यांना कळलं होतं.

पायलटांनी मानसुद्धा हलवली नाही. जोर दाखवणारी पट्टी भरताना जो चढता सूर निघायचा तो निघाला, ऐन टोकाला त्यांचा अंगठा पडला, आणि पांढऱ्याशार पडद्याच्या आत कुठेतरी टाळ्या वाजल्या. तिसरा चेंडूही गोलात!

सुनेला खाली बसावं तर बसवेना, उभं राहावं तर राहवेना. तिनं उशी उचलून पोटाशी धरली.

चौथा चेंडू डुबुक करून पाण्यात गेला.

"छे! जरा जास्तच ताणला," पायलट पुटपुटले.

मुलगा आता खुर्चीच्या कडेवर आला होता. किल्ली हवी की नको हे तोही विसरला असावा, कारण त्याचे ओठ आपोआप "सावकाश, सावकाश" असं बोलत होते. खालची पट्टीसुद्धा धुक्यात बुडाली. पडदा धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसत होता.

पायलटांनी मान किंचित कलती केली. डाव्या स्पीकरमधून बारीक सूं-सूं येत होती. त्यांनी अंगठ्यानं नेम जरासा डावीकडे सरकवला. सूर चढू लागला. चढला, चढला, आणि टिक्.

मग धप्प असा आवाज, मग गवतावरून घरंगळल्याची सरसर, आणि मग टक! झेंड्याची काठी.

बँड सुरू झाला. बश्या नाचल्या. भिंगरी किंचाळली, सुनेनं उशी पंख्यापर्यंत उडवली, आणि मुलगा, जो पैज हरला होता, तोच सगळ्यांत आधी उठून बापाच्या गळ्यात पडला.

"मानलं बाबा! मानलं! शंभर वेळा हरलोय मी तिथे!"

"मग! बाप कुणाचा आहे?" पायलट हसून हसून खोकायला लागले.

"आजोबा, एवढ्या धुक्यात कसं काय मारलंत?" भिंगरीनं त्यांच्या पाठीवर चढत विचारलं.

"कसलं धुकं?"

"ऐका!" मुलगा टाळी वाजवत म्हणाला. "म्हणे कसलं धुकं! आता यांना कोण आवरणार? चल भिंगरे, आइस्क्रीम आणू. हरलेल्यानं खर्च करायचा असतो."

दोघं हसत, चपला घसटत बाहेर पडली. सून मात्र जागची हलली नाही. ती पडद्याकडे पाहत होती. सोनेरी कप फिरत होता आणि त्याच्यामागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं पांढरं होतं. पायलट त्याच पडद्यासमोर, नाक टेकेल इतक्या जवळ बसले होते. टेबलावरून पेला शोधणारा हात तिला आठवला. वाढवलेला आवाज आठवला. फाटकाचा खांबही आठवला. कान चांगले तीक्ष्ण होते म्हाताऱ्याचे.

बँड थांबला.

"तू का गप्प?" पायलटांनी मान न वळवता विचारलं. "तू गप्प बसलीस की घर रिकामं वाटतं."

"काही नाही, बाबा."

कंट्रोलर त्यांनी हळूच खाली ठेवला.

"खरंच धुकं होतं?"

"हो."

"दाट?"

"काहीच दिसत नव्हतं."

पायलटांना हसू आलं. ते खोटं नव्हतं. कुणीतरी फर्मास चेष्टा करावी आणि आपणही तिला दाद द्यावी, तसं हसले. मग डोळ्यांवरून तळहात फिरवत म्हणाले, "सुट्टी लागली तेव्हा इतकं नव्हतं गं. तेव्हा नुसत्या नजरेच्या कडा जायच्या. मला वाटलं, विश्रांती मिळाली की येईल."

"डॉक्टरकडे जाऊ. उद्याच जाऊ."

"जाऊ." ते उठले. दारापाशी गेले, आणि कुठेही न चाचपडता त्यांचा हात खुंटीवरच्या किल्लीवर पडला. "काय ठरलं होतं आपलं? सगळे कप जिंकले, तर किल्ली कुणाची?"

"तुमची," ती म्हणाली. तिचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मोठ्यानं बोल."

"तुमचीच, बाबा!"

"झालं तर मग. माझी आहे, तर ती कुणाला द्यायची तेही मीच ठरवणार." त्यांनी किल्ली बोटात एकदा फिरवली आणि तिच्या हातात ठेवली. "त्यानं काढून घेतली असती तर मी जन्मभर कुरकुरलो असतो. आता आपल्या हातानं देतोय. त्याला मीच सांगेन, पण आइस्क्रीम खाऊन झाल्यावर. जिंकलेल्या माणसाला तेवढी सवलत असते."

तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलंही नाही.

"रडतेस काय? उद्या सकाळी पोरं वाट बघतील. तुझा तलाव दुपारचा असतो ना? चल, एक फेरी मारून बघू."

व्हॅन अंगणात उभी होती, सकाळीच धुऊन लखलखीत केलेली. सून चालकाच्या जागी बसली. पायलट दुसऱ्या बाजूनं चढले, खिडकीची काच खाली करून कोपर टेकलं आणि त्यांची ती जुनी शीळ सुरू झाली. तिनं आरसा नीट केला, पदरानं नाक पुसलं आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्यात बोललं.

"वारा कुठून आहे, बाबा?" तिनं विचारलं.

त्यांनी शीळ थांबवून मान जराशी कलती केली.

"डावीकडून," ते म्हणाले. "आणि डावीकडूनच कुणीतरी सायकलवर येतंय. आधी त्याला जाऊ दे."

तिनं ब्रेकवर पाय ठेवला. क्षणभरानं घंटी वाजवत सायकल समोरून निघून गेली.