परतीची जागा

मित्रांनो, मी एक ड्रोन आहे. स्वतःला जुना म्हणायला मन तयार होत नाही, कारण तुमच्यातलं पोर ज्या वयात पहिलीच्या वर्गात बसतं, त्या वयाचा मी आहे. पण आमच्या जातीत एवढ्यातच म्हातारपण येतं. सध्या माझा मुक्काम डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका घरात, शोकेसच्या वरच्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला नयनने शाळेत जिंकलेला कप आहे आणि दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले काचेचे ग्लास. त्यातून एकाही पाहुण्याला पाणी मिळालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

माझे सुटे भाग कुठे कुठे घडले ते मला नीटसं ठाऊक नाही. मला आठवतं ते वापीचं एक दुकान आणि तिथे मला हातात घेऊन उलटसुलट बघणारा नयन. नयन लग्नांचे फोटो काढतो. माझा पहिला मालक मला कंटाळला होता, म्हणून मी नयनच्या हाती लागलो. त्याने मला घरी आणलं तेव्हा त्याच्या आईने, चंद्रावतीने, माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. त्यातली एक मोहरी माझ्या मोटरीत जाऊन बसली आणि पहिलं उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलं. माझ्या नव्या घराशी माझी ओळख अशी झाली.

सुरुवातीला मला उडवायचा नयनच. हात चांगला, पण स्वभाव घाईचा. गाडीवरून उतरायचं, मला जमिनीवर ठेवायचं आणि बटण दाबायचं, एवढीच त्याची तयारी. एकदा तलासरीजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. गुजरात इथून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्याकडे पतंगांना ऊत येतो आणि नंतर कितीतरी दिवस ताडांच्या झावळ्यांवरून मांजा लोंबत राहतो. आदल्या दिवशीच्या उड्डाणात त्यातला एक तुकडा माझ्या पंखाच्या बुडाशी गुंडाळला गेला होता. नुसतं बोट फिरवलं असतं तरी तो लागला असता. नयनने बोट फिरवलं नाही. मी वर गेलो, नवरा-नवरीवर एक झकास गिरकी घेतली आणि दुसऱ्या गिरकीत तो पंख अडकला. मी मांडवाचं कापड फाडून खाली आलो, ते तान्हं पोर मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईच्या अगदी पायाशी. पोराला काही झालं नाही. पण त्या बाईने पोराला छातीशी धरून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही.

त्या लग्नात नयनची धाकटी बहीण भाविका दुसरा कॅमेरा घेऊन उभी होती. घरी आल्यावर तिने भावाच्या हातातून रिमोट काढून घेतला. मी हो म्हटल्याशिवाय हा उडणार नाही, एवढंच म्हणाली. मग तिने रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि मला उडवणं तिच्याकडे आलं.

त्यानंतर माझे दिवस पालटले, मित्रांनो. भाविका मला उडवण्याआधी इतकं निरखायची की मला लाजल्यासारखं व्हायचं. प्रत्येक पंखाच्या कडेवरून ती बोट फिरवायची. कुठे चीर असेल, टवका उडाला असेल, तर तो पंख लगेच बदलायचा. मग एकेक मोटर हाताने फिरवून कान लावायची, कारण किनाऱ्यावरची वाळू आत गेली की बारीक करकर ऐकू येते. बॅटरी ती फरशीवर आडवी ठेवायची. डुलली तर ती फुगलेली, आणि फुगलेल्या बॅटरीला माझ्या पोटात जागा नाही. पोटात घातल्यावर ती 'टक्' वाजली का, तेही ऐकायचं. वारा पाहायला तिची स्वतःची युक्ती होती. बांबूंवर सुकत घातलेले बोंबील नुसते झुलत असतील तर उडायचं, आडवे होत असतील तर घरी जायचं. विजेच्या तारा कुठून गेल्यात, खाली माणसं कुठे आहेत, मासळीवर घारी किती घिरट्या घालताहेत, नकाशावर ही जागा उडायला मोकळी आहे की मनाईची, हे सगळं पाहून झालं की शेवटी ती मोठ्याने विचारायची, "परतीची जागा?" आणि फोनमध्ये बघून आपणच उत्तर द्यायची.

ही परतीची जागा म्हणजे काय, ते सांगतो. मी जिथून उडतो ती जागा मी मनात पक्की धरून ठेवतो. रिमोटशी बोलणं तुटलं किंवा बॅटरी संपत आली, की मी कुणी न सांगता तिथे परत जातो. मला याचा मोठा अभिमान होता. वाट न चुकणारा म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायचो.

भाविकाच्या वडिलांना, सदानंदला, या सगळ्या तपासणीची गंमत वाटायची. जन्म समुद्रावर गेलेला माणूस. छोट्या होडीला मागे इंजिन लावून तो एकटाच मासेमारीला जायचा. लेकीला पंखावर बोट फिरवताना पाहिलं की ओट्यावरून म्हणायचा, "बाय, इमान उडवतेस का सत्यनारायण घालतेस?" भाविका हसायची आणि पुढचा पंख हातात घ्यायची. तो मात्र खांद्यावर जाळं टाकून तसाच होडीत चढायचा. रोजची होडी, तिला काय बघायचं, असं त्याचं म्हणणं.

माझा अभिमान उतरवला तो त्यानेच. शेजारच्या चिमणकाकांनी मोठी बोट बांधली. ती पहिल्यांदा पाण्यात जाताना तिचं वरून चित्रण करायचं होतं. झेंडे, पताका, फुलांच्या माळा, सगळा थाट होता. भाविकाने बोटीवरच माझी तपासणी केली आणि मला उडवलं. परतीची जागाही पाहिली होती, पण बोट पुढे जात राहणार हे गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मध्येच रिमोटशी माझं बोलणं तुटलं. मी शहाण्यासारखा परत फिरलो, जिथून निघालो होतो त्या जागेवर आलो आणि खाली पाहिलं तर नुसतं पाणी. तरीही मी उतरू लागलो. मला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. सुकाणूवर सदानंद होता. त्याने बोट गर्रकन वळवली, माझ्याखाली आणली आणि हात वर करून मला पोटाखालून अलगद धरलं. एक पंख त्याच्या बोटाला चाटून गेला, रक्त आलं. मला लेकीच्या हातात देत तो म्हणाला, "बाय, मोटरसायकल लावली तिथं राहते. होडी नाय राहत."

त्या दिवसापासून भाविकाच्या तपासणीत एका गोष्टीची भर पडली. पाण्यावर असताना ती परतीची जागा पुन्हा पुन्हा नवी करून द्यायची, आणि गरज पडली तर मला हातात झेलण्याचा सरावही तिने वडिलांकडून करून घेतला. सदानंद मला इतका सफाईने झेलू लागला की नयन त्याला क्रिकेटच्या टीममध्ये घ्यायला निघाला होता.

आणि मग हिवाळ्यातला तो दिवस आला. सदानंद सकाळी एकटाच गेला होता. दुपारी चारच्या आत तो घरी असतो, कारण चंद्रावतीला ताजी मासळी घेऊन संध्याकाळच्या बाजारात बसायचं असतं. त्या दिवशी चार वाजून गेले, सावल्या लांबल्या, तरी होडी दिसेना. फोन लागेना. वारा जमिनीकडून समुद्राकडे सुटला होता, म्हणजे बंद पडलेली होडी तो आत आतच नेणार. हवा धुरकट होती. चंद्रावती मासळीची रिकामी टोपली पुढ्यात घेऊन वाळूवर बसून राहिली. नयन त्या दिवशी एका साखरपुड्याला तलासरीत होता. भाविकाने पोलिसांना फोन केला, समुद्रावर ड्रोन उडवते म्हणून सांगून त्यांचा होकार घेतला आणि मला पिशवीत घालून चिमणकाकांच्या बोटीत चढली.

बोट आत गेली. चहूकडे पाणी आणि धूसर उजेड. सगळे म्हणाले, आता उडव. भाविकाने मला फळीवर ठेवलं आणि पहिल्या पंखावर बोट फिरवायला सुरुवात केली.

चिमणकाका तसे शांत माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. "बाप तिकडे दरियात हाय आणि तू पंखे बघत बसलीस?"

तिचं बोट पुढच्या पंखावर गेलं. "काका, हा पडला तर दुसरा नाय आपल्याकडे," ती म्हणाली.

मग तिने बॅटरी फळीवर ठेवली. ती पूर्ण भरलेली होती, तिच्यावरच सगळी भिस्त होती, आणि ती डुलली. भाविकाने ती दूर सारली आणि दुसरी, अर्धीमुर्धी भरलेली, माझ्या पोटात घातली. एकच फेरी होणार होती. पण मित्रांनो, ती फुगलेली बॅटरी घेऊन मी उडालो असतो, तर कदाचित अर्धी फेरीही झाली नसती.

मी वर गेलो. वारा होडीला कुठून कुठे नेईल ते चिमणकाका सांगत होते आणि भाविका मला त्या बाजूने नेत होती. पाणी, पाणी आणि पाणी. मग कोपऱ्यात एक निळा ठिपका दिसला. खाली उतरलो तर सदानंदची होडी. तो अंगातला सदरा काढून हलवत होता. बोटीवर काय आनंद झाला असेल ते मी पाहिलं नाही, कारण मी खूप लांब होतो. त्याच वेळी माझी बॅटरी संपत आली, आणि माझ्या मनातलं जुनं वेड जागं झालं, परत फिर.

भाविकाने रिमोटवरून मला अडवलं, फिरू दिलं नाही. मी परत गेलो असतो तरी ही जागा फोनवर कळलेलीच होती, हे खरं. पण बोट पोचेपर्यंत वाऱ्याने होडी भलतीकडे नेली असती आणि उजेड तर हां हां म्हणता जात होता. हवेत थांबून राहिलो असतो तर थोड्या वेळात पाण्यात पडलो असतो. तिने तिसराच विचार केला. माझी सगळी ताकद पंख खातात. पंख थांबले, तर तेवढ्याच बॅटरीवर माझा लुकलुकणारा दिवा कितीतरी वेळ चालतो.

"आज याची परतीची जागा पप्पांचा हात," ती चिमणकाकांना म्हणाली, हे मला मागाहून कळलं, आणि मला खाली उतरवू लागली.

होडी हेलकावत होती. सदानंदने मान वर केली, मला येताना पाहिलं आणि सदरा होडीत टाकला. पाय फाकवून उभा राहिला आणि हात वर केला. एकदा चुकलं. एक लाट माझ्यावर उडाली, खारं पाणी माझ्या मोटरीत गेलं. दुसऱ्या वेळी त्याने मला पोटाखालून धरलं, नेहमीसारखं. पंख थांबले. त्याने मला वल्ह्याच्या टोकाला सदऱ्याने बांधलं आणि वल्हं उभं धरून बसला. मी लुकलुकत राहिलो. अंधार पडता पडता चिमणकाकांची बोट त्या दिव्याचा माग काढत आली. भाविका होडीत उतरली. सदानंद रडत होता. तिने आधी बापाला पाणी पाजलं आणि मग माझा दिवा बंद केला.

होडीचं काय बिघडलं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पेट्रोलच्या गाळणीत पाणी साचलं होतं. जादा पेट्रोलचा कॅन रिकामा होता. नांगराचा दोर एका जागी कुजला होता, टाकल्याबरोबर तुटला. निघण्याआधी कुणी नुसता हात फिरवला असता, तर तिन्ही गोष्टी हाताला लागल्या असत्या.

त्या लाटेने माझी एक मोटर कायमची गेली. तिचा भाग आता मिळत नाही. काही दिवस मला बघायला लोक येत होते, पोरं माझ्यासोबत फोटो काढत होती. मग येणं थांबलं. माझ्यावर धूळ बसली. चंद्रावती कधीमधी घराची किल्ली माझ्या पंखाच्या दांडीला अडकवून जाते. घरात नवा ड्रोन आला आहे, घडी होणारा, अंगाने माझ्या निम्मा. भाविका माझ्यासमोर बसून त्याच्या पंखांवरून बोट फिरवते तेव्हा मला हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू? पण ती एकही गोष्ट वगळत नाही हे पाहून बरंही वाटतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या ड्रोन उडवेल, कुणी सायकल काढेल, कुणी होडी. निघण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवा. यंत्राला बोलता येत नाही, ते आपलं दुखणं हातालाच सांगतं. आणि घाई असेल, लोक ओरडत असतील, तर आणखी सावकाश फिरवा.

आता रोज पहाटे सदानंद ओट्यावर बसून दोर हातातून सोडून बघतो, बोटाच्या पेराने कॅन वाजवतो, गाळणी पुसतो. भाविका चहा पीत एकेक विचारते आणि तो शाळेतल्या पोरासारखी उत्तरं देतो. शेवटी ती विचारते, "परतीची जागा?"

"हा ओटा. चारच्या आत," तो म्हणतो.

आणि मासळी विकून ज्या बाईने हे घर उभं केलं, ती चंद्रावती आतून चुलीपाशी बसल्या बसल्या सांगते, "मासळी नाय मिळाली तरी."

तो हो म्हणतो, आणि मगच निघतो.